पेटीच्या तळातला दगड

“मावशी, पंखा बंद करा. आवाज पंख्याचा येतोय,” साहेब म्हणाले.

पंखा बंद केला. एसी बंद केला. कंत्राटदाराचे इंजिनिअर सावंत खुर्चीत चुळबुळत होते, त्यांनाही गप्प बसवलं. स्क्रीनवरचे ठिपके काही थांबेनात.

आता हे ठिपके म्हणजे काय, ते सांगते. मशीनमध्ये दाबलेला दगड फुटायच्या आधी आतून तडकायला लागतो. तव्यावर जाडं मीठ तडतडतं ना, तसा. फक्त आपल्या कानाला ऐकू येत नाही, म्हणून त्याला सेन्सर चिकटवायचे. एक तड, एक ठिपका. मी लॅबमध्ये शिपाई म्हणून लागले. सेन्सर चिकटवता चिकटवता एवढं शिकले.

दगड दिघीकडच्या रस्त्याचा. तिथे डोंगर कापलाय आणि खाली वाडी आहे. कड्यात आधाराचे लोखंडी बोल्ट बसवायचे की नाही, हे आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं. सावंतांना बोल्ट नको होते. मृण्मयी मॅडमचं सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरमध्येच फोडून बघितलेला दगड, तेही म्हणत होतं, गरज नाही. साहेबांनी तसा रिपोर्ट टाइपही करून ठेवलेला. दगड तेवढा फुटायचा बाकी होता.

तो कॉम्प्युटरने सांगितलेल्याच्या अर्ध्या लोडलाच फाटकन फुटला. हा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला.

“हा तुकडा कुणी निवडला?” सावंतांनी विचारलं.

“मी,” मी म्हणाले. “दगडांच्या पेटीच्या तळाशी होता.”

“अहो, वर चांगले ठेवले होते की. याला पांढरी शीर आहे.”

“कड्यालाही आहे. आगरदांड्याहून फेरीबोटीने येताना दिसते.”

आमच्याकडे पद्धतच आहे, टेस्टला गुळगुळीत, अखंड तुकडा काढायचा. पाहुणे मुलगी बघायला आले की घरातल्या भांडकुदळ काकाला शेजारी पाठवतात, तसं. मॅडमच्या कॉम्प्युटरलाही वरचेच तुकडे दाखवलेले. त्या बिचाऱ्याला शीर कुठून माहीत असणार?

“दुसरा लावा,” सावंत म्हणाले.

साहेब छताकडे बघत राहिले. मॅडम उठल्या, पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातूनच एक काढला. “हा लावा, मावशी.”

तोही शिरेवरच फुटला.

बोल्ट बसले. मीटिंगमध्ये साहेबांनी स्लाइड दाखवली, कॉम्प्युटरमधला दगड बरोब्बर शिरेवर तुटलेला. “आमच्या सिम्युलेशनने हे आधीच सांगितलं होतं,” म्हणाले. ती शीर मॅडमनी मीटिंगच्या आदल्या दिवशी त्यात घातली होती. पहिली टाळी सावंतांनी वाजवली. मॅडम माझ्याकडे बघून गालात हसल्या. मी चहा देत होते.

मला एवढंच कळलं की कुठल्या दगडाला बोलू द्यायचं, ते माणूस ठरवतो. म्हणून पेटी उघडायचं काम मी अजून दुसऱ्या कुणाला देत नाही.