पाठीमागून वाजवलेली थाळी

गेल्या जानेवारीत, भर दुपारी, नगर जिल्ह्यातल्या बेलापूरला आमच्या घरासमोर उसाने भरलेला ट्रॅक्टर माझ्या भाचीपासून हातभर अंतरावर थांबला. ती साडेतीन वर्षांची होती. तिला काही लागले नाही.

ती रस्त्याच्या कडेला पाठमोरी बसून चिंचोके मांडत होती. ड्रायव्हरने वळणापासून हॉर्न दाबून धरला होता. मी तो स्वयंपाकघरात ऐकला. मी बाहेर आले तेव्हा ट्रॅक्टरची सावली चिंचोक्यांवर आली होती. त्यानंतर तिने मान वर केली.

"बहिरी हाय का काय पोर?" ड्रायव्हर ओरडला.

"बहिरा आसशील तू! गानी लावून हिंडतोय," आमची आई म्हणाली आणि नातीला उचलून आत घेऊन गेली.

भाची अजून एकही शब्द बोलत नव्हती. तिला हॉर्न ऐकूच आला नसावा, असे मी घरात बोलले. संध्याकाळी आईने माझी शंका मिटवायचे ठरवले. नात भिंतीकडे तोंड करून खेळत होती. आईने मागे जाऊन थाळीवर उलथने हाणले. नातीने लगेच वळून पाहिले.

"बघा! लई हट्टी हाय नुसती. हिचा बाप तरी कवा लवकर बोलला?"

"ताई, तू उगाच घाबरवतेस," भाऊ मला म्हणाला. भावजयही हसली.

बल्ब आईच्या मागे होता. उलथने उचलताच समोरच्या भिंतीवर सावली हलली होती. मी थाळी घेऊन शेजारच्या खोलीत गेले, दार लोटले आणि वाजवली. गल्लीतले कुत्रे भुंकू लागले. फटीतून भाची दिसत होती. ती खेळत राहिली.

"पुन्हा वाजव," भाऊ म्हणाला.

मी पुन्हा वाजवली. भाचीने वळून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी भावजय अंगणवाडीत गेली. सेविका म्हणाल्या, "गाण्यात हातवारे करते की ती. पण बाकीच्यांचे बघून, मागाहून. मला वाटायचं, लाजते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उशीर करू नका. पोरं ऐकून बोलायला शिकतात, आणि ते वय हेच. एकदा गेलं की अवघड होतं."

त्याच आठवड्यात आम्ही तिला नगरला नेले. डॉक्टरांनी भावजयीला विचारले, "आई म्हणते का?"

"ओठ हलवते तसे."

"आवाज येतो?"

भावजयीने नकारार्थी मान हलवली.

मुलीला झोपेचे औषध देऊन दोन्ही कान मशीनवर तपासले. एकाही कानातून प्रतिसाद मिळाला नाही.