कुंती सांगायची तसा सिनेमा

सातासमुद्रापारच्या त्रियोले गावातल्या गोवर्धनला सिनेमाचं वेड होतं, आणि डोळे नव्हते. साखर कारखान्यात ऐन तारुण्यात चुना उडाला आणि दोन्ही गेले. पण सत्त्याहत्तरच्या सुमारास शेजारच्या देवानंदकडे टीव्ही आला, आणि शनिवारच्या हिंदी पिक्चरला सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचा तो हाच! सोबत बायको, कुंती. ती त्याच्या कानाशी लागून सांगायची, "आता ती दाराशी हुबी हाय. रडत न्हाय, पर तोंड फिरवलंय." बोलणं, गाणी त्याला कळायचीच. पडदा नुसता दाखवत राहिला की कुंती बोलायची. लोक वैतागायचे, पण ती कुणाला भीक घालत नसे. पिक्चर संपला की त्याला हाताला धरून तडक घरी न्यायची, मागे रेंगाळू द्यायची नाही.

ब्याऐंशीत कुंती गेली. गोवर्धन तरीही जातच राहिला. आता गाणं संपलं की नुसती शांतता. मग अख्खी खोली हसायची, आणि हा विचारायचा, काय झालं? देवानंद म्हणायचा, काही नाही. देवानंदची सून सुनयना मनानं चांगली, पण तिचं मराठी चार शब्दांत संपायचं. "ली पे मारसे," ती तिथल्या क्रिओल बोलीत सांगायची, म्हणजे चालतोय. कोण चालतोय, कुठं चालतोय, ते देवच जाणे. घरी गोवर्धन एकटा असायचा, ते एक वेळ परवडलं. भरल्या खोलीतलं हे एकटेपण त्याला सोसवत नव्हतं.

एका शनिवारी कुंतीसोबत बघितलेला जुनाच पिक्चर पुन्हा लागला. पहिल्या गाण्यालाच त्यानं ओळखला आणि स्वारी खुलली. आज कुणाची मिनतवारी नको. उलट तोच सुनयनाला पुढचं सांगू लागला: शेवटी हरवलेली आई घरी येते, मुलगा तिला उचलून आत नेतो. शेवटचं संगीत सुरू झालं.

"बघ, उचललं का न्हाय?"

सुनयना म्हणाली, "न्हाय आजा. ली फिन मोर. मेली ती. लेकानं चिता पेटवली."

पोर थट्टा करतेय असं त्याला वाटलं. पण देवानंदही म्हणाला, पहिल्यापासून असाच आहे की शेवट.

गोवर्धन भयंकर संतापला. कुंतीला कुणी सांगितलं होतं शेवट बदलायला? आपण काय कुकुलं बाळ होतो? मग राग ओसरला. दर शनिवारी ती त्याला खेटून बसायची आणि जे काही वाईट असेल ते एकटीच बघायची. आवाज जराही हलू न देता.

टीव्ही बंद करू का, सुनयनानं विचारलं.

"नको. तुला जे दिसतंय तेच सांग. जाळ केवढा हाय? लाकडं कशी रचल्यात? कुंतीला अग्नी मीच दिला, पर तवा मला कुणी काय सांगितलंच न्हाय."