पुण्याचे ढग, देवळीची सुडी

आमची लेक पुण्यात ढगांवर शिकते. ढगांवर बसून नव्हे, हे मला आमच्या देवळी गावात प्रत्येकाला समजावावं लागतं. पन्नास वर्षांनी जगात पाऊस कसा पडेल, हे ती संगणकावर मांडते. तिच्या बापाला इतक्या लांबचं नको होतं, उद्याचं हवं होतं. रोज संध्याकाळी फोन, "काय म्हनते बेटा तुयं ढगाचं?" मोबाइलवर 'तुरळक ठिकाणी पाऊस' असा अंदाज यायचाच. पण तुरळक ठिकाण म्हणजे कायम शेजाऱ्याचं शेत, अशी आमच्या गावाची पक्की समजूत.

ती दिवाळीला आली तेव्हा कापलेल्या सोयाबीनची सुडी शेतात रचलेली होती. वर्षाचं सगळं पीक त्या एका ढिगात. उद्या मळणीयंत्र येणार, आणि ढीग आतून दमट. ताडपत्री काढून ऊन द्यायचं की झाकूनच ठेवायचं? गावाने मुकाट झाकलं. आमच्याकडे मात्र घरची शास्त्रज्ञ! तिने लॅपटॉपवर रंगीबेरंगी नकाशे पाहिले.

"पावसाची शक्यता फारच कमी आहे, बाबा."

"मंग काढू का ताडपत्री?"

"काढा."

दुपार कलली आणि कुठूनसा एक ढग आला. एवढं आभाळ मोकळं असताना महाराज नेमके आमच्यावर कोसळले. धुऱ्यापलीकडे, शेजाऱ्याच्या शेतात, धूळ उडत होती, आणि आम्ही ताडपत्री ओढेपर्यंत सुडी चिंब.

"एवढा लहान ढग आमच्या गणितात दिसतच नाही गं आई," ती रडवेली झाली. "संगणकावरच्या नकाशात आमचा एकेक चौकोन अर्ध्या तालुक्याएवढा. ढग ऊनही अडवतात आणि रात्री उष्णताही धरून ठेवतात. यातलं जास्त काय होणार, तिथंच पुढच्या हवामानाचं सगळं घोडं अडतं."

"वा! म्हणजे पृथ्वीचं भविष्य कळतं, फक्त ढग तेवढे सोडून!" मी बोलून गेले. तिने मान खाली घातली, तेव्हा माझ्याच जिभेचा मला संताप आला.

सकाळी शेजारी मुद्दाम चहाला टपकले. "काऊन भाऊ, तुमची पोरगी तं ढगाचंच शिकते ना?"

हे शांतपणे म्हणाले, "तिनं तं सांगतलं होतं झाकून ठेवा म्हनून. मीच आयकलं नाई."

चहा घेऊन आलेली लेक दारातच थबकली. डोळे घळाघळा वाहायला लागले तिचे. मी पटकन तिच्या हातातला ट्रे घेतला.

संसाराला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने कधी स्वतःची चूक कबूल केली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा केली, आणि तीही त्यांची नव्हती.