शेखाच्या मुलखातला निकाल

अमरावतीच्या पोस्टात पार्सलावर लाख वितळवताना तो करपट गोड वास आला, की मी थेट अकोल्यात, माझ्या सीनियर वकिलांच्या ऑफिसात जाऊन पोचतो. परतवाड्याकडचा एक म्हातारा लाखेची मोहर असलेला पिवळा कागद घेऊन आला होता. तरुणपणी तो बहरीनला फिटर होता आणि तिथे त्याच्यावर तांब्याच्या तारेच्या चोरीचा आळ आला होता. गावात चाळीस वर्षं एकच बोलणं, अरबाच्या मुलखात चोराचा हात तोडतात, याचे दोन्ही शाबूत, म्हणजे हा पळूनच आला. आता त्यापायी नातीची सोयरीक अडली होती. मी तो इंग्रजी कागद चाळला, भारतीय दंडविधानाचं कलम दिसलं आणि छातीठोकपणे म्हणालो, "बनावट आहे. शेखाच्या राज्यात आपला कायदा कुठून येणार?" सीनियरांनी चष्मा वर केला. "काहून रे? आपलं वऱ्हाड निजामाचं होतं, पन कोर्टात कोन बसे? इंग्रज साहेबच ना? तिथंबी तवा तसंच, राज्य शेखाचं, पन जोर इंग्रजाचा. बाहेरच्या मानसाचा खटला साहेब चालवे, अन् कायदा आपलाच लावे. शेवटलोक वाच." मी वाचलं आणि ओशाळून हळूच सांगितलं, "निर्दोष." म्हाताऱ्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मले मालूम हाये, वकीलसाहेब. बाहेर बाकावर पोराकडचे पावने बसले हायेत. त्यायले ऐकू जाईन असं वाचा." मी दार सताड उघडलं आणि सगळा निकाल मराठीत वाचून काढला. त्यानंतर तीस वर्षं कोर्टात घसा ताणला, पण तेवढ्या मोठ्यानं पुन्हा कधी बोललो नाही.