पाळण्यात पहिलं कोण बसणार?

निर्माल्य रोज मूठभरच निघतं, पण आठवड्याने टोपली उचलावी तर हाताला जड लागते. आमच्या पार्कातल्या गोष्टींचं तसंच झालंय. शेलूबाजारच्या अलीकडे, हायवेला लागून, माझ्या दिरांनी, वसंता भाऊजींनी, दोन एकरांत हा पार्क काढला. घसरगुंड्या, कारंजी, आणि सगळ्यात शेवटी मोठा आकाशपाळणा. त्याला सोळा पाळणे. यंदा मी सोळा सोमवार धरलेले, त्यामुळे तो आकडा मला पहिल्या दिवसापासून शुभ वाटला. भाऊजींना नाही वाटला, कारण पाळण्यात कोणी बसेच ना.

"वहिनी, तुमच्या उद्यापनाच्या सोमवारपर्यंत वाट पाहतो," ते म्हणाले. "एकदा तरी सोळाच्या सोळा भरून फिरला त राहील. नाही त जिथून आणला तिथं वापस."

एवढं बोलून ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी मात्र निश्चिंत होते. सोमवारी आरती होईपर्यंत माझं मौन असतं, आणि गप्प बसलं की माणसाला बरंच काही दिसतं.

*

आधी कमानीचं सांगते. ती बांधणारा रिसोडचा मिस्त्री जन्मभर देवळांचीच कामं करत आलेला. त्याने दोन पायऱ्या काढल्या, वर घंटेची कडीसुद्धा ठेवली. झालं, माणसं चपला बाहेर काढून आत येऊ लागली. आत फरशी तापलेली. सगळे टुणटुण उड्या मारत पहिल्या झाडाखाली जात आणि तिथूनच परत फिरत. पाळणा पार मागच्या टोकाला, तिथवर जातो कोण?

भाऊजींनी बोर्ड लावला, 'चपला घालूनच आत यावे.'

एका आजोबांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला आणि चपला काढल्या. भाऊजी धावत गेले. "बाबा, इथं देव नाही."

"देव नसता त एवढा मोठा बोर्ड कायले लावला असता?"

शेवटी पायऱ्या फोडल्या. घंटेची कडी मी राहू दिली.

*

पार्कातला रस्ता गोल आहे. इंजिनिअरने बाण काढले उजवीकडे. आपली माणसं गोल रस्ता दिसला की प्रदक्षिणेसारखी डावीकडे वळतात. अर्धे बाणाने गेले, अर्धे सवयीने, आणि मागच्या बाजूला पाण्याच्या पाटावरच्या अरुंद पुलावर समोरासमोर आले.

एका रविवारी तिथे दोन विहिणी भेटल्या. लग्नापासून बोलणं बंद होतं.

"मी पोराकडची हाय. मी कायले मागं सरकू?"

"लग्नात लय सरकलो आमी. आता तुमी सरका."

दोन्हीकडे रांगा तुंबल्या. माझी जाऊ सुनंदा, भाऊजींची बायको, हुशार. तिने भज्यांची एकच प्लेट आणून दोघींच्या मधोमध ठेवली. दोघी पुलावरच बसल्या, खाल्लं, रडल्या, पुन्हा खाल्लं. जाताना एक म्हणाली, "पार्क लय चांगला हाय. बसाले जागा तेवढी कमी हाय."

दुसऱ्या दिवशी पुलाच्या दोन्ही टोकांना बाकं टाकली. लोक तिथे टेकू लागले, समोर पाळणा बघू लागले. बघायचे मात्र खालूनच.

*

भज्यांचं दुकान आधी कमानीजवळ होतं. मालेगावचे एक गृहस्थ सहकुटुंब येऊन खाऊन निघाले. भाऊजींनी हौसेने विचारलं, "कसा वाटला पार्क?"

"मिरची थोडी तिखट होती."

मग दुकान उचलून पाळण्याशेजारी नेलं. आता गर्दी पाळण्यापर्यंत आली, भरपेट खाल्लं आणि वर बघून मान हलवली. "पोटातले भजे कसेबसे बसले, भाऊ. त्याहिले वर कायले नेता?"

*

पाळणा चालवणारे रहीमभाई पाळण्यासोबतच आलेले. दिवसभर ऑइल लावत बसायचे. एकदा एका शेतकरी मावशीने भाऊजींना विचारलं, "मालक, तुमी बसले काय याच्यात?"

"मले कामं हायेत, मावशी."

"मंग मलेबी हायेत." मावशी गेली.

रहीमभाई हळूच म्हणाले, "भाभी, मालिक तो ऊपर देखते भी नहीं."

मी सुनंदाला विचारलं, तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "ताई, हे स्टुलावर चढून बल्ब नाही बदलत. पाळण्यात बसतील?"

त्या दिवशी माझं उद्यापन कुठे करायचं ते ठरलं.

*

उद्यापनाला सोळा मेहुणं जेवू घालतात. मेहुण म्हणून बोलावलेलं जोडपं यजमानीण बसवेल तिथे बसतं, नाही म्हणायची रीत नाही. आमच्या भजनी मंडळातली जोडपी आली, बायका पैठण्यांत, पुरुष टोप्या घालून. माझं मौन. मी एकेकाचे पाय धुतले, कुंकू लावलं आणि हाताने पाळणा दाखवला. जोडपी एकमेकांकडे बघत, शंकराचं नाव घेत बसली.

पंधरा भरले. सोळाव्या मेहुणाची जीप वाटेत बंद पडली होती.

मी सुनंदाकडे बघितलं, मग भाऊजींकडे, आणि हात दाखवला.

"वहिनी, मी त घरचा..."

"घरचं मेहुण चालते," वरून एक भजनी बाई बोलली. "बसा लवकर, भूक लागली."

भाऊजी डोळे मिटून बसले. रहीमभाईंनी बिस्मिल्ला म्हणून कळ ओढली. पैठण्यांचे पदर आभाळात गेले आणि बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. "आता आमाले बसवा" म्हणत पुलापर्यंत रांग लागली. ती शेतकरी मावशी रांगेत पहिली.

सगळ्यात उंचावरून भाऊजींचा आवाज आला, "वहिनी, समदे डावीकडूनच येऊन राह्यले. आपलेच बाण उलटे हायेत. अन् पूल... थांबा, मले अजून एकदा पाहू द्या."

चार फेऱ्या झाल्या, पाच झाल्या. रहीमभाईंनी मला विचारलं, "भाभी, उतार दूँ?"

माझं मौन आरतीपर्यंत होतं. मी चुरम्याचं ताट बाजूला सारलं आणि निरांजनासाठी नवी वात वळायला घेतली, अगदी सावकाश.