तीस वर्षांनंतरची माणसे

सरकारला काहीही मोजायचे असले की आधी शिक्षक आठवतात. माणसे, मतदार, संडास, शाळेत न येणारी मुले, सगळे मी नोकरीत मोजले. त्यामुळे नळपाणी योजनेसाठी आमच्याच गावची माणसे मोजायचे काम माझ्याकडे आले तेव्हा मी वही-पेन घेऊन मुकाट्याने निघाले.

आमचे गाव अगदी समुद्राला टेकलेले. नारळी-पोफळीच्या वाड्या, प्रत्येक वाडीत विहीर, आणि फाल्गुन सरला की प्रत्येक विहिरीचे पाणी मचूळ. चैत्रात आमच्याकडे आलेला पाहुणा चहाचा पहिला घोट घेऊन घरच्या बाईकडे संशयाने पाहतो. गोडे पाणी फक्त वरच्या अंगाच्या एका विहिरीला. तिथून चढ-उतार करून हंडे आणायचे. मी आणि हे दोघेच घरात, दोघेही साठीच्या उंबरठ्यावर, आणि ह्यांचे गुडघे त्या उंबरठ्याच्या बरेच पुढे गेलेले. मुलगा, सून आणि नात तिकडे न्हावा शेव्याजवळच्या एका नव्या वसाहतीत. तेव्हा नळ येणे ही आमच्या घरात चर्चेची गोष्ट नव्हती, गरजेची होती.

योजनेचा हिशोब समजावायला तालुक्याहून कनिष्ठ अभियंता आला. सोलापूरकडचा तरुण मुलगा, अतिशय सभ्य. तो म्हणाला, "बाई, टाकी आजच्या माणसांसाठी नसते. तीस वर्षांनंतर गावात किती माणसं असतील, ते काढायचं आणि त्यांच्यासाठी बांधायची."

"ते तुम्हाला कसं कळतं?" मी विचारले.

"सोपं आहे. मागच्या जनगणनांचे आकडे घ्यायचे. दर दहा वर्षांनी किती वाढ झाली ते बघायचं, आणि तीच रेघ पुढे न्यायची. तीन पद्धती आहेत. तिन्हींनी काढायचं आणि सरासरी घ्यायची."

मी त्याला वरची विहीर दाखवली, कोकम सरबत दिले आणि मोजायला लागले. नियम साधा होता: वर्षातले सहा महिने तरी जो गावात राहतो, तो गावचा. बाकीचे नाहीत. नियम करणाऱ्याने आमचा किनारा पाहिलेला नसावा. आमच्याकडे मुंबईला गेलेला माणूस गावातून जात नाही. तो वीस वर्षे तिकडे राहील, तिकडे फ्लॅट घेईल, पण रेशनकार्डावर, दारावरच्या पाटीवर आणि पालखीच्या मानात त्याचे नाव असते. चूल वेगळी झाली तरच माणूस वेगळा. चूल वेगळी करायला भांडावे लागते, आणि एवढ्या लांबून भांडायला वेळ कोणाला आहे?

त्यामुळे "घरात माणसे किती?" याला प्रत्येक दारात ऐटीत उत्तर मिळे. आठ. अकरा. एका ओसरीवर एकटे आजोबा सुपारी कातरत बसले होते, ते न हसता म्हणाले, "चवदा." मी नियम सांगायची, खोडायची आणि पुढच्या घरी जायची. मला त्यात एक प्रकारचा आनंदही होत होता, हे कबूल करते. पस्तीस वर्षे चुकीच्या उत्तरांवर लाल रेघ मारलेला हात तो.

शेजारच्या म्हातारीने मात्र मला दारात धरले. तिचे तीन मुलगे. एक मुंबईला, एक पनवेलला, एक आखातात.

"तिघं हितंच ऱ्हातात. कामाला तेवढं भायेर जातात," ती म्हणाली.

"आखातात कामाला जाऊन संध्याकाळी घरी येतो का तो, आजी?"

"येल तवा येल. घर त्याचंच हाय ना?"

मी तिघांनाही खोडले आणि तिच्यापुढे एक लिहिला. त्या आठवड्यात वाडीच्या बांधावरून तिची अळूची पाने माझ्याकडे आली नाहीत.

अभियंत्याने माझे आकडे घेतले, मागचे आकडे घेतले, रेघ पुढे ओढली. रेघ खाली जायला लागली. प्रत्येक दहा वर्षांत गाव थोडे कमी होत आले होते आणि त्याच वेगाने गेले तर तीस वर्षांनी आम्ही कशीबशी एका टेम्पोत मावणार होतो. दुसऱ्या पद्धतीतही तेच. तिसऱ्या पद्धतीत गाव त्याच्या आधीच संपत होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तो बिचारा एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला आल्यासारखा बसला होता.

"मग टाकी?" मी विचारले.

"वरिष्ठ म्हणतात, नसलेल्या माणसांसाठी टाकी कशी मंजूर करायची? पण मी एकदा येऊन प्रत्यक्ष पडताळणी करतो. दोन महिन्यांनी येतो. ग्रामसभा पण तेव्हाच ठेवू, लोक भेटतील."

सोलापूरकडच्या माणसाला आमचे पंचांग कोण शिकवणार? त्याने जो दिवस ठरवला तो गणपतीतला, गौरी जेवणाचा दिवस होता. मला तो ऐकल्याबरोबर कळले. मी त्याला सांगू शकले असते. मी म्हणाले, "या, सोयीचा दिवस आहे."

तो दिघीच्या फेरीबोटीने आला आणि त्याला तिसऱ्या फेरीला जागा मिळाली, यावरूनच त्याने काही ओळखायला हवे होते. गावात पाय ठेवला तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या. प्रत्येक ओसरीवर माणसे, प्रत्येक पडवीत चादरी, न्हाणीघरांपुढे रांगा. वरच्या विहिरीवर तर दहा जणांची झटापट चाललेली. ग्रामसभा देवळात भरली आणि आत जागा नाही म्हणून निम्मी सभा पारावर. तो पायरीवर उभा राहून चपलांचा ढीग पाहत राहिला. मग त्याने वहीत काहीतरी लिहिले आणि कोणालाही दोष न देणाऱ्या आवाजात म्हणाला, "मोजणीत थोडी गफलत झालेली दिसते."

गफलत माझी होती, सगळे माझ्याकडे बघत होते. तो प्रत्येक घरात जाऊन पुन्हा विचारायला निघाला, बरोबर मी. पहिले घर आमचे. सून उकडीचे मोदक वाढत होती, मुलगा मखराची वायर दुरुस्त करत होता, नात आजोबांच्या पाठीवर.

"बाई, तुमच्या घरात किती?"

माझ्याच वहीत आमच्या घरापुढे दोन लिहिले होते. नियम मला पाठ होता. आणि मी म्हणाले, "पाच."

का म्हणाले ते मला त्या क्षणी कळले नाही. पाण्यासाठी म्हणाले, असे मी स्वतःला सांगितले. शेजारची म्हातारी कुंपणापलीकडे फुले तोडत होती. तिचा एक हात तसाच वर राहिला.

"म्हंजे बाई, तुमचा पोरगा हाय आन् माजे न्हायत व्हय?"

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ती म्हण मी कित्येक वर्षे मुलांना वाक्यात उपयोग करायला देत आले होते. कोणी एवढा चपखल करून दाखवला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी वही उघडून तिच्या घरापुढचा एक खोडला आणि तिच्यासकट तिघे मुलगे, सुना, नातवंडे, सगळे लिहिले. मग कुठे थांबायचे? संध्याकाळपर्यंत मी साऱ्या गावाला परत आणले. सुपारी कातरणारे आजोबा चवदाचे सोळा झाले. मधल्या दोन महिन्यांत म्हणे दोन नातवंडे जन्मली होती.

रेघ वर गेली आणि टाकी मंजूर झाली. ती आता देवळामागच्या उंच टेपावर उभी आहे, गावातल्या कोणत्याही घरापेक्षा मोठी. पाणी सोडणारा माणूस ती पाव भरतो, कारण जास्त भरली तर पाणी पडून राहते आणि वास मारते. सणाच्या आठवड्यात काठोकाठ भरतो. चैत्रातसुद्धा चहा गोड लागतो, ह्यांचे गुडघे वाचले, आणि शेजारून अळूची पाने येऊ लागली. सरकारने एवढ्या अचूक अंदाजाबद्दल कोणाचा सत्कार केला असल्यास मला कल्पना नाही.

गेल्या महिन्यात मुलाच्या वसाहतीत सरकारी लोक माणसे मोजायला आले. तिथला अंदाज काढणाऱ्याला बहुतेक माझ्यासारखी बाई भेटली नसावी. इमारती झाल्या, माणसे ठरल्यापेक्षा फार जास्त आली आणि आता पाणी टँकरने येते. म्हणून नवी मोजणी आणि पुढची नवी तीस वर्षे. मुलाने रविवारी दुपारी फोन केला.

"आई, फॉर्म भरतोय. घरात माणसं किती ते विचारलंय. तुमची दोघांची नावं लिहितोय हं."

"आमची कशाला? आम्ही काय तिथे राहतो?"

"आत्ता नाही गं. पण पुढे येणारच ना? वाडीचं आता बाबांना किती दिवस झेपणार आहे?"

"अरे, नियम असतो. सहा महिने राहिलेलाच माणूस धरतात."

"तू आम्हाला तिथे धरलंस तेव्हा आम्ही कुठे सहा महिने राहत होतो?"

तो हसत होता. त्याला ती अजून गावच्या गमतीची गोष्ट वाटते. मला राग आला, आणि राग गिळल्यावर खाली दुसरेच काही होते. पाच म्हणाले ते पाण्यासाठी नव्हते. हंडे मी अजून पाच वर्षे वाहिले असते. मला वाटले होते, नळ आला, सोय झाली, की पोरगा परत येईल. हे मी कोणाला बोलले नव्हते, ह्यांनाही नाही. फक्त सरकारी वहीत लिहून ठेवले होते. आणि तिकडे तोही तेच करत होता, माझ्यापेक्षा सहज, आणि वर मला सांगून.

"मग इथलं घर?" मी विचारले.

पलीकडे नात काहीतरी मागत होती. त्याने तिला थांब म्हटले आणि मग मला म्हणाला, "अगं, मे महिन्यात येऊच की आपण सगळे मिळून, आंबे खायला."

मी म्हटले, "बरं. लिही."