टमाटा पाठीत बसला की

शेवटचा टमाटा बायकोनं माझ्या पाठीत मारला तो पुलाच्या थोडा पुढं. मी ॲक्सिलेटर सोडला. मागची एसटी पुढं निघून गेली.

आम्ही दोघं ट्रॅक्टरनं पंचवटीच्या मार्केटला टमाटे न्यायचो. पेठ रोड आमच्याकडं दोनच गाड्यांचा. समोरून ट्रक, मागं कार, जीप, मोटारसायकली, आणि सगळ्यांच्या म्होरं आमची ट्रॉली. खाली उतरवावी तर साइडपट्टी भुसभुशीत, कॅरेटं कलंडणार. मग लांबलचक लाइन लागायची.

माझं काम पुढं बघायचं. बाकी तिचं. ती कॅरेटांवर आडवी बसायची, एक नजर पुढं, एक मागं. समोर मोकळं दिसलं की हात हलवून मागच्याला सोडायची. इंजिनाच्या आवाजात मला तिची हाक ऐकू यायची नाही, म्हणून फुटका टमाटा. तो बसला की मी हळू व्हायचं, म्हणजे मागचा झटक्यात निघतो. घरी शर्ट धुताना पुन्हा तीच बडबडायची.

वळणावर मात्र हात द्यायची नाही. अंबडच्या कंपनीतला एक मोटारसायकलवाला ओरडला, "मावशी, द्या की हात, ड्युटी हाय."

"थांब मुडद्या. उशिरा जा, पण जा."

एकदा लाइनीत नवरदेवाची गाडी अडकली. त्या दिवशी माझा शर्ट लालच झाला. मार्केटात म्हणते, "अहो, तिकडं पोरगी हार घेऊन उभी आसंल. तुम्हाला काय कळतंय."

तुम्ही त्या रस्त्यानं कधी गेला असाल तर तिच्या हातानं गेला असाल. नाव कुणाला माहीत नव्हतं. एसटीचा ड्रायवर तेवढा जाताना हात वर करून "राम राम, मावशी" म्हणायचा.

तो शेवटचा टमाटा बसला त्या दिवशी माल विकून घरी आलो. संध्याकाळी छातीत कळ आली म्हणाली. दवाखाना गाठेस्तोवर गेली.

सकाळी तिला त्याच ट्रॉलीत घेतलं. मसणवटा रस्त्यानं पुढं, नदीला. पोरगा म्हणाला, "बाबा, उतरा, मी चालवतो."

"तू आईपाशी बस."

मागं लाइन लागली. एसटी होतीच. हॉर्न कुणी वाजवेना आणि पुढंही कुणी येईना. रस्ता तर सरळ, मोकळा. माझी पाठ टमाट्याची वाट बघत होती.

तो काय आला नाही. मग मीच ॲक्सिलेटर सोडला. लांबवर नजर टाकली आणि हात बाहेर काढून हलवला, ती हलवायची तसा. एसटी शेजारून हळू निघाली. ड्रायवरनं ट्रॉलीकडं बघून हात वर केला. मागोमाग एकेक गाडी निघाली. सगळ्या जाईस्तोवर मी हात आत घेतला नाही.